आठ ओळी मांडवात, सहा घरात

या प्रकरणात एका माणसाचं नाव येणार नाही. ते मला पूर्ण आठवतं, पदवीसकट. त्या माणसाने एकदा दुसऱ्याच्या मजकुराखाली आपलं नाव घातलं होतं. माझ्या मजकुरात ते येऊ द्यायचं की नाही, एवढा अधिकार मी ठेवून घेतला आहे. तेव्हा इथे ते फक्त 'सर' आहेत.

चामोर्शीत पुढे आमचा छापखाना आणि मागे आमचं घर होतं. मधला दरवाजा कधी लागत नसे, त्यामुळे स्वयंपाकघरात शाईचा वास आणि छापखान्यात फोडणीचा. ट्रेडल मशीन अब्बा पायाने चालवत. तिचा 'खटक-धप, खटक-धप' असा ठेका सकाळपासून चालू असे आणि फक्त जुम्म्याच्या नमाजाला थांबे. बाजाराच्या दिवशी अम्मी अंबाडीची भाजी आणि तांदळाच्या कण्या करी, कारण त्या दिवशी खेड्यांतून गिऱ्हाईक येई आणि कोणाला जेवायला बसवावं लागेल याचा नेम नसे. कोणी घरचा तांदूळ आणे, कोणी बोडीतली, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यातली, मासळी. लग्न पार पडल्यावर हमखास बुंदी येई, वर्तमानपत्रात बांधलेली, तुपाने कागद पारदर्शक झालेला. आमच्या घरात सगळ्या तालुक्यातल्या लग्नांची बुंदी खाल्ली गेली आहे. त्यांपैकी फार थोड्या लग्नांना आम्ही प्रत्यक्ष गेलो होतो.

लग्नाची कामं हाच धंद्याचा कणा. पत्रिका तर होत्याच, पण त्यासोबत मंगलाष्टकांचा कागद लागे. गुलाबी, पातळ, दोन्ही बाजूंनी छापलेला. आत वधूवरांची नावं गुंफलेली दोन-तीन कडवी आणि बाकी जागा भरायला आमच्याकडची ठेवणीतली कडवी. त्यांना आम्ही 'भरती' म्हणायचो. नावांची कडवी माझी मोठी बहीण रेहाना लिहायची. तिला मी आपा म्हणायची. गिऱ्हाईक नुसती नावं सांगे. आपा हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची लोखंडी पट्टी, धरून उभी असे आणि कागदावर काहीही न लिहिता थेट शिशाचे खिळे जुळवत जाई. मुलीचं नाव विमल असो की अनुसया, ते ओळीत कुठे बसेल हे तिच्या बोटांना कळे. एकोणीस अक्षरांची ओळ, बाराव्या अक्षरावर छोटा थांबा, मग उरलेली सात. शेवटच्या सातांत 'कुर्यात् सदा मंगलम्' बसतं, म्हणून चौथी ओळ अर्धीच लिहावी लागते, असं ती मला सांगे. त्या चालीला शार्दूलविक्रीडित म्हणतात हे तिला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांना अजूनही नसेल. एका मुसलमान घरात मंगलाष्टकं लिहिली जातात याचं चामोर्शीत कोणाला नवल वाटलं नाही. बाया उंबऱ्यावरूनच हाक मारायच्या, "रेहानाबाई, आमच्या पोरीचं जरा लांब कर वो, नवरदेवाकडच्यायचं दोन पानी होतं!"

कॉलेजात मराठी घेणारे इतके कमी होते, की सर वरचा आणि खालचा वर्ग एकत्र बसवत. आपा शेवटच्या वर्षाला आणि मी पहिल्या, त्यामुळे जे घडलं ते मी ऐकीव सांगत नाही. सर बाहेरून आलेले, तरुण, कडक इस्त्रीचे. शिकवत उत्तम. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नाहीतर हे प्रकरण एका मूर्ख माणसाचं वाटेल. अभ्यासक्रमात एक जुनं, नामांकित प्रेमाचं सुनीत होतं. सरांनी ते आठवडाभर पुरवलं. फळ्यावर चौदा ओळी. प्रत्येक अक्षरावर खडूची खूण, ऱ्हस्वावर चंद्रकोर आणि दीर्घावर आडवी रेघ. मग गण पाडले. मग बाराव्या अक्षरानंतर उभी रेघ ओढून म्हणाले, इथे श्वास. पहिल्या आठ ओळींत प्रियकर काय काय मांडतो आणि नवव्या ओळीत एकदम तोंड फिरवून उलट काय म्हणतो, ते त्यांनी दाखवलं. "ही कलाटणी. सुनिताचा जीव इथे असतो. आठ ओळींत घर बांधायचं आणि सहांत त्यातून निघून जायचं." हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं आणि चांगलं होतं. त्यांना वृत्त येत होतं, ओळ येत नव्हती. असे पुष्कळ असतात आणि त्यात गुन्हा काही नाही.

फळा भरून झाल्यावर आपा उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे तर मंगलाष्टकाचं वृत्त आहे." चाल तिच्या तोंडातून अर्धी निघालीही. वर्ग खुदखुदला. सरांनी डस्टर टेबलावर आपटलं.

"सुनीत वाचतात. गात नाहीत. मांडवातला गोंगाट आणि कविता यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने हा विषय घेऊ नये." मग त्यांनी हजेरीपटावरचं नाव पाहिल्यासारखं केलं. "आणि तुमच्याकडे कधीपासून असतात मंगलाष्टकं?"

या वेळचं हसणं मोठं होतं. आपा म्हणाली, "आमच्याकडे नसतात, सर. आमच्याकडे छापतात."

त्यावरही वर्ग हसला, पण आता सरांकडे बघून. माझ्या समजुतीप्रमाणे पुढच्या सगळ्याची सुरुवात तिथे झाली. मी चाळीस वर्षं बातम्या लिहिल्या आणि तपासल्या. माणसं मोठ्या कारणांसाठी एकमेकांचं वाटोळं करतात, असं मला क्वचितच आढळलं.

त्यांनी सर्वांना सुनीत लिहून आणायला सांगितलं. बहुतेकांनी पुस्तकातल्या ओळींची मोडतोड केली. आपाने लिहिलं ते मी सरांआधी वाचलं, कारण तिने ते आधी खिळ्यांत जुळवलं आणि प्रूफ काढून मला दिलं. सुरुवात अशी होती:

बोडीच्या जलदर्पणात हसते आभाळ सारे निळे,
लोंब्यांच्या झुळुकीत काय भरले, माझे मला ना कळे.

आणि चौथी ओळ:

येता तू जवळी मलाच मजला वाटे पुन्हा भेटले.

कोणासाठी लिहिलं, हे मी विचारलं नाही. माझा अंदाज होता आणि तो इथे सांगणार नाही. पहिल्या आठ ओळी सगळ्या अशाच, भरलेल्या धानासारख्या. नवव्या ओळीत ती वळली. जे येणार नाही त्याला तिने सहा ओळींत हळूहळू निरोप दिला. ते वाचून मी डोळे पुसत अम्मीजवळ स्वयंपाकघरात जाऊन बसले. अम्मी म्हणाली, "क्या हुआ? जीभ जली क्या?" मी हो म्हणाले.

सरांनी तिचा कागद परत दिला तेव्हा वर लाल शाईत लिहिलं होतं, "वृत्त बरे. भाव उसना." वर्गात कोणाचाही कागद त्यांनी वाचून दाखवला नाही. आपा घरी आली, स्टिक घेतली आणि नेहमीसारखी कामाला लागली. फक्त त्या आठवड्यात तिने नावांची कडवी लिहिताना चाल गुणगुणली नाही.

दिवाळीनंतर कॉलेजच्या वार्षिक अंकाचा मजकूर छापखान्यात आला. संपादक सरच. अंक दरवर्षी आमच्याकडेच छापला जाई. शिपाई एक गठ्ठा देऊन गेला आणि आपा पानं लावत बसली. अहवाल, सहलीचं वर्णन, पर्यावरणावर निबंध. मग तिचा हात थांबला. सरांच्या वळणदार अक्षरात चौदा ओळी होत्या आणि खाली त्यांचं नाव. त्यांनी फक्त दोन अक्षरं बदलली होती. चौथ्या ओळीतलं 'भेटले' त्यांनी 'भेटलो' केलं होतं आणि अगदी शेवटी 'रे'चं 'गे'. बाईच्या तोंडची कविता पुरुषाच्या तोंडी घालायला एवढं पुरलं. दोन्ही ठिकाणी वृत्त शाबूत. ते त्यांना येतच होतं.

तिच्याच घरच्या छापखान्यात ती कविता पाठवणं हे धाडस होतं की बेपर्वाई, मला अजून ठरवता आलेलं नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल की छापखान्यात मजकूर जुळवतात, वाचत नाहीत. कदाचित त्यांना दुसरं काही ठाऊक होतं. आपाला एम.ए.साठी नागपूरला जायचं होतं, वसतिगृहात जागा हवी होती आणि विभागप्रमुखाच्या शिफारशीवाचून ते होणार नव्हतं. विभागात सर एकटेच होते.

मी आपाचं प्रूफ आणि सरांचा कागद घेऊन अब्बांकडे गेले. अब्बांनी मशीन थांबवलं, दोन्ही कागद शेजारी धरून वाचले आणि परत दिले.

"जैसा है वैसा छापो," ते म्हणाले.

"अब्बा, आपाचं आहे हे."

"मुझे दिखता है." मग मराठीत, कारण बाहेरच्या जगाबद्दल ते मराठीत बोलत, "तिचं नागपूर त्याच्या हाती हाये, बेटा. अन् आपण कोणाले सांगू? कोण मानंल?"

आपाने ते पान स्वतः जुळवलं. मी दुसऱ्याने जुळवावं म्हणून भांडले, पण तिने ऐकलं नाही. चौदा ओळी, खाली रेघ, रेघेखाली ते नाव. एकही चूक केली नाही. मग स्टिक खाली ठेवली, हात धुतले आणि त्यानंतर बरेच महिने ती खिळ्यांजवळ आली नाही. मागे बसून पत्रिकांच्या घड्या घालायची. केस, म्हणजे खिळ्यांच्या खणांची पेटी, माझ्याकडे आली.

इथून पुढचं माझं आहे. मला न्याय हवा होता असं मी म्हणणार नाही. तो शब्द मी नंतर बातम्यांत खूप वापरला आणि तो किती पोकळ असू शकतो हे जाणते. मला त्या माणसाची फजिती हवी होती, लोकांसमोर, आणि त्याने ज्याला गोंगाट म्हटलं त्या गोंगाटाकडून. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला एवढं थंड डोकं कुठून आलं, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं होतं. खिळे जुळवणाऱ्याला ते येतं. तुम्ही ओळ उलटी वाचत असता, आरशात पाहिल्यासारखी, त्यामुळे अर्थ तुमच्या अंगावर लगेच येत नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि मांडव सुरू झाले. धान घरात आलेलं, हात मोकळे, त्यामुळे त्या हंगामात कामाचा रेटा असे. पहिलंच काम आलं तेव्हा मी भरतीची जुनी कडवी काढून टाकली आणि त्या जागी आपाच्या आठ ओळी जुळवल्या. सुनिताच्या आठ ओळी म्हणजे मंगलाष्टकाची दोन कडवी, मोजून तेवढीच. फक्त चौथ्या आणि आठव्या ओळीची थांब्यानंतरची सात अक्षरं कापावी लागली. तिथे 'कुर्यात् सदा मंगलम्' बसवलं. 'येता तू जवळी मलाच मजला कुर्यात् सदा मंगलम्' याला अर्थ नाही. मंगलाष्टकात अर्थाकडे कोणी पाहत नाही. लोकांचं लक्ष हातातल्या अक्षतांकडे असतं.

आपा घड्या घालत होती, तेव्हा तिला कळणारच होतं. गुलाबी कागद तिने उघडला, वाचला आणि मांडीवर ठेवला.

"हे काय करून राह्यली तू?"

"भरती संपली होती."

"छोटी, मी तुझ्यापेक्षा मोठी हावो. मले नको शिकवू." तिने चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "'भेटले' काढलं तू."

"बसत नव्हतं."

"बसत होतं. तूच कापलं." मग बोट उचलून, "हे मी मांडवात वाटाले लिहिलं होतं का वो? कोण्या बबनच्या अन् शकुंतलेच्या?"

"मग त्याच्या नावानं राहू द्यायचं का? त्यानं बसावं कवी होऊन, अन् तू घड्या घालाव्या? गॅदरिंगले अंकाच्या प्रकाशनात तो वाचनार हाये हे. सगळ्यायसमोर. तवापर्यंत ह्या आठ ओळी तालुक्यातल्या पोराबाळायले पाठ झाल्या पायजेत."

तिला तेव्हा पूर्ण कळलं. ती हसली नाही, पण रागही नाही दाखवला. कागदाची घडी घातली, पहिलीच्या वर दुसरी ठेवली. म्हणाली, "आठच. खालच्या सहाले हात नाई लावायचा. त्या कोणाच्याच मांडवात जानार नाईत."

मी लावला नाही.

त्या हंगामात आमच्या छापखान्यातून जेवढे गुलाबी कागद गेले, त्या सगळ्यांत बोडीचं आभाळ होतं. कागद चामोर्शीत गेले, नदीपलीकडे गेले, एक वऱ्हाड तर नागभीडला गाडी बदलून पुढे गेलं, त्यांच्यासोबतही गेले. लग्नात गाणाऱ्या पोरी ठरलेल्या असत. आमच्या वर्गातली मंदा त्यांतली पहिली. तिचा आवाज असा, की लाऊडस्पीकरवाला तिला बघून आवाज कमी करून ठेवी. मंदा एकदा दुकानात येऊन म्हणाली, "यंदाची भरती मस्त हाये वो. 'बोडीच्या' म्हटलं का आमच्या बाया डोलाले लागते." मी म्हणाले, आवडली ना, मग झालं. एवढंच.

सर त्या हंगामात एकाही लग्नाला गेले नाहीत. त्यांना बोलावणी येत. गावात शिक्षकाला येतातच. ते आशीर्वाद कळवत आणि खोलीवर पुस्तक वाचत बसत. पंगतीत मांडी घालून जेवणं त्यांना जमत नसे आणि मांडवातला आवाज सोसत नसे. एका लग्नात जरी ते जेवले असते, तरी हे प्रकरण मला लिहिता आलं नसतं.

गॅदरिंगला कॉलेजच्या पटांगणात कापडी मांडव घातला होता. मांडववाला तोच, लग्नांचा. तीच लाल-पिवळी कनात, त्याच कडकडणाऱ्या खुर्च्या, तोच लाऊडस्पीकर. दुपारची वेळ. पोरं मुरमुऱ्यांचे पुडे घेऊन बसली होती. गावातली माणसंही आली होती, बाया एका बाजूला. अब्बा अंकाचे गठ्ठे घेऊन आले होते आणि ते मागे उभे होते. पाहुणे म्हणून नागभीडचे एक निवृत्त मुख्याध्यापक बोलावले होते, किरकोळ बांध्याचे, सारखी सुपारी कातरणारे. अंकाचं प्रकाशन झालं. प्राचार्यांनी सांगितलं की आपल्या महाविद्यालयाला एक अस्सल कवी लाभला आहे आणि सर आता आपलं प्रेमसुनीत सादर करतील.

सर माइकशी आले. आधी दोन वाक्यांत त्यांनी समजावलं की हा विलायतेहून आलेला घाट आहे, तो गाऊ नये, शांतपणे ऐकावा. मग वाचायला लागले. वाचनही त्यांचं चांगलं होतं.

"बोडीच्या जलदर्पणात हसते—"

बायांच्या बाजूला कुणीतरी "अवो बाई" म्हणालं. दुसऱ्या ओळीला खुर्च्या हलल्या. तिसरीला मंदाने, मला वाटतं तिच्याही नकळत, चाल धरली. चालीने वाचन ओढून नेलं. सर एक शब्द पुढे आणि मांडव मागून, मग मांडव सोबत, मग मांडव पुढे. चौथ्या ओळीला सर "वाटे पुन्हा भेटलो" म्हणत होते, तेव्हा अख्ख्या पटांगणाने एका आवाजात 'कुर्यात् सदा मंगलम्' म्हटलं आणि मागच्या पोरांनी मुरमुऱ्यांच्या मुठी उधळल्या. कोणी सांगितलं नव्हतं. हातच वर गेले. पुढच्या चार ओळी सर थांबले तरी मांडवानेच म्हणून संपवल्या.

"शांत! शांत बसा! हे काय चाललं आहे?" सर ओरडले.

"सर, हे तं आमच्या अक्काच्या लग्नातलं होय!" एक पोरगा उभा राहून म्हणाला.

"आमच्याबी!"

"काऊन सर, तुमचं जमलं का कुठी? आम्हाले पत्रिका नाई!"

"हे माझं आहे," सर म्हणाले. "ही माझी कविता आहे." माइक चालू होता. ते वाक्य पटांगणभर गेलं, आणि त्यावर जे हसू आलं ते मी माझ्या आयुष्यात परत ऐकलं नाही. एक म्हातारी, जिला हसण्याचं कारण कळलं नव्हतं, सरळ मनाने म्हणाली, "असं कसं बाबू, हे तं हनीफभाऊच्या छापखान्यातलं हाये. त्याची मोठी पोरगी लिहिते ना!"

मी तोंड उघडलं नव्हतं. मी दुसऱ्या रांगेत होते आणि त्यांचा चेहरा बघत होते. तो मला अजून दिसतो. बातमीदार म्हणून मी पुष्कळ पडलेले चेहरे जवळून पाहिले, त्यांच्याबद्दल वाईटही वाटलं. या एकाबद्दल वाटलं नाही.

पाहुण्यांनी अडकित्ता खिशात टाकला आणि माइक हळूच आपल्याकडे ओढला. "आठ ओळी झाल्या का?" ते म्हणाले. "सुनीत आहे म्हणता, मग अजून सहा असतील. त्या तर मांडवात कोणी म्हटलेल्या दिसत नाहीत. ऐकू या." त्यांनी समोरचा अंक उघडून पानावर बोट ठेवलं. सरांनीही अंक उचलला. या सहा ओळींनी ते सुटणार होते, कारण त्या कोणालाच ठाऊक नव्हत्या. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

बायांच्या बाजूने आपा उठली. तिला मी सांगितलं नव्हतं. ती जागेवरूनच म्हणायला लागली, माइक नाही, चालही नाही. वाचतात तसं म्हटलं, सरांनी शिकवल्याप्रमाणे, बाराव्या अक्षरावर श्वास घेऊन. पटांगणात भात-गिरणीचा आवाज ऐकू येत होता. पाहुण्यांचं बोट छापील ओळींवरून तिच्यासोबत सरकत होतं. शेवटच्या ओळीला तिने सरांकडे पाहिलं:

जा, माझ्या नजरेतुनी निघुन जा, मागे नको रे बघू.

पाहुणे म्हणाले, "बाई, इथे 'गे' छापलं आहे. खरं कोणतं?"

"कोणाला जा म्हणायचं," आपा म्हणाली, "ते लिहिणारीला ठाऊक असतं." आणि खाली बसली.

सर अंक मिटून व्यासपीठाच्या मागच्या बाजूने उतरले. ते गेल्या वर्षी वारले. मी आता निवृत्त आहे, पण अजून एका दैनिकासाठी घरून पानं तपासते, आणि ती बातमी माझ्याचकडे आली. मजकुरात 'ज्येष्ठ कवी' असं होतं. मी 'कवी' काढलं आणि 'निवृत्त प्राध्यापक' ठेवलं. वस्तुस्थितीला धरून होतं. कोणी हरकत घेतली नाही.

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी अब्बांना बोलावलं. मी सोबत गेले. खोलीत सर होते, खिडकीकडे तोंड करून. प्राचार्यांना प्रकरण मिटवायचं होतं. ते म्हणाले, झालं ते झालं, मुलांनी दंगा केला, अंक तर छापून झाला आहे, आता काय करणार. मला वाटलं अब्बा नेहमीसारखे मान हलवतील. अब्बांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "साहेब, चूक छापखान्याची हाये."

प्राचार्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"नाव बदललं आमच्या हातून. लिहिनारीचं नाव सुटलं, अन् संपादकाचं पडलं. दोन अक्षरंबी चुकली. असं होते कधी कधी, खिळ्याचं काम हाये. चूक आमची तं दुरुस्तीबी आमची. शुद्धिपत्र छापून परतेक अंकात चिकटवून देतो. कॉलेजचा एक पैसा नको." मग सरांच्या पाठीकडे वळून, अतिशय आदराने, "सरांनी फक्त सांगावं. छापखान्याचीच चूक ना, सर?"

अब्बा इतके दिवस गप्प होते, ते याच्याकरता होते असं मी म्हणणार नाही. मला ते ठाऊक नाही. पण त्या प्रश्नाला बाहेर पडायला एकच दार होतं. 'नाही' म्हणायचं तर चूक कोणाची ते सांगावं लागलं असतं. प्राचार्य म्हणाले, "सर, विचारत आहेत ते."

"हो," सर म्हणाले.

"कोणाची?" अब्बांनी विचारलं.

"छापखान्याची."

"मेहेरबानी," अब्बा म्हणाले.

नागपूरच्या शिफारशीवर त्याच आठवड्यात प्राचार्यांनी स्वतः सही केली. अब्बांनी शुद्धिपत्र स्वतः जुळवलं. नजर कमी झाल्यापासून त्यांनी केसला हात लावला नव्हता. चष्मा कपाळावर सारत, खिळे डोळ्यांपाशी नेऊन ते एकेक बसवत होते. मी मदतीला गेले तर म्हणाले, "हट." प्रूफ निघाल्यावर मी घ्यायला हात पुढे केला. तेव्हा त्यांनी तो कागद मला दिला नाही. "लेखकाचं प्रूफ लेखकाले दाखवा लागते," ते म्हणाले आणि मधल्या दरवाज्यातून मागे गेले. आपा अंबाडी निवडत बसली होती. तिने हात पदराला पुसले, कागद उजेडाला धरला.

'या अंकातील प्रेमसुनीत या कवितेखाली कवीचे नाव नजरचुकीने चुकीचे छापले गेले आहे. ते रेहाना हनीफ शेख असे वाचावे. चौथ्या ओळीतील भेटलो हा शब्द भेटले असा, व शेवटच्या ओळीतील गे हा शब्द रे असा वाचावा. मुद्रक दिलगीर आहेत.'

तिने तो अक्षर-अक्षर लावून वाचला. मग अब्बांच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली, 'मुद्रक दिलगीर आहेत' यावर काट मारली, आणि खाली लिहिलं: छापा.